गर्भनिरोधक गोळी चौदा महिने वापरून: काम चोख, मूडचं वाचा आणि मग ठरवा

आधीच सांगते, हा कुठल्या एका कंपनीच्या गोळीचा रिव्ह्यू नाहीये. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण आतलं औषध तेच असतं आणि बाहेर दहा नावं असतात, तुमच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात काय छापलंय याने काही फरक पडत नाही, खाली बारीक अक्षरात जे दोन हॉर्मोन्स आणि त्यांचे मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात त्याने पडतो. मी दोन प्रकारच्या कॉम्बाइन्ड गोळ्या (एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनची बनावट नक्कल, दोन्ही असलेल्या) घेतल्या, पहिली आठ महिने आणि दुसरी सहा. गर्भ राहू न देण्याच्या कामाला पाचपैकी पाच स्टार. पाळीतल्या दुखण्याला पाच, पहिल्या दोन महिन्यांतच हॉट वॉटर बॅग माळ्यावर गेली. पिंपल्सना चार. आणि मूडच्या रकान्यात किती टाकायचे हे मला अजून धड ठरवता आलेलं नाही, म्हणून तर हे एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

म्हणजे बघा ना, हेडफोनचा रिव्ह्यू लिहिताना हेडफोन वेगळा आणि आपण वेगळे असतो. इथे ज्या डोक्याने मार्क द्यायचे तेच डोकं रोज रात्री गोळी घेतंय. तराजू बिघडलाय का हे त्याच तराजूवर बसून तपासायचं, असला प्रकार. कोणी विचारलं "गोळीने तुझ्या मूडवर काही झालं का गं", तर मी आठही महिने मनापासून "नाही" म्हणाले असते. खोटं नव्हतं ते. मला खरंच काही झाल्यासारखं वाटत नव्हतं. गोम तिथेच होती, पण ते पुढे येईल.

पहिली गोळी म्हणजे लेव्होनॉरजेस्ट्रेल (हे प्रोजेस्टिन) १५० मायक्रोग्रॅम आणि एथिनिल एस्ट्राडायोल (हे एस्ट्रोजेन) ३०, सगळ्यात जुनी-जाणती जोडी, एकवीस दिवस घ्यायची आणि सात दिवस सुट्टी. पॅकिंगबद्दल तक्रार नाही, स्ट्रिपवर वार छापलेले, बाण काढलेले, त्यामुळे आज घेतली की नाही हा गोंधळ होत नाही. माझा रात्री दहाचा अलार्म होता, नाव "विटामिन", कारण फोन टेबलावर पडलेला असतो आणि सगळ्यांना सगळं कळायची गरज नसते. आतली माहितीपत्रिका मात्र उघडली की चादरीएवढी होते आणि परत तशीच घडी घालून आत बसवायला वेगळी पदवी लागते. ती मी पूर्ण वाचली (हो, मी तसली आहे). मूडबद्दल एक ओळ. डोकेदुखीच्या खाली, स्तन दुखण्याच्या वर, "मूडमध्ये बदल, नैराश्य". बास. केवढा बदल, कोणाला, किती दिवसांनी, काही नाही. शेजारी रक्ताच्या गुठळ्यांवर अख्खे दोन रकाने, ते असायलाच पाहिजेत, पण मनाच्या वाट्याला एक ओळ.

आणि ती ओळसुद्धा फुकट मिळालेली नाही बर का. पहिली गोळी अमेरिकेत १९५७ मध्ये पाळीच्या तक्रारींवर म्हणून आली आणि गर्भनिरोधक म्हणून तिला मंजुरी मिळाली १९६० मध्ये. त्या गोळीत प्रोजेस्टिनच १० मिलिग्रॅम होतं, माझ्या गोळीत आहे ०.१५. दोन्ही प्रोजेस्टिन्स वेगळी आहेत त्यामुळे आकडे थेट शेजारी ठेवून भागाकार करता येत नाही, पण त्या बायकांनी काय सोसलं असेल याचा अंदाज येतो. १९५६ मध्ये प्वेर्तो रिकोत मोठी चाचणी सुरू झाली, तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलेलं की गर्भ राहत नाही हे खरं पण सतरा टक्के बायकांना त्रास होतोय आणि हे प्रमाण जास्त आहे. मनावर कोणी घेतलं नाही. मग १९७० मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये सेनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्यासमोर गोळीच्या साइड इफेक्ट्सवर सुनावणी झाली, आणि गोळी खाणाऱ्या एकाही बाईला साक्षीला बोलावलेलं नव्हतं, तर प्रेक्षकांत बसलेल्या बायकाच उठून ओरडायला लागल्या. त्या गोंधळानंतर पाकिटात बाईला वाचता येईल असा कागद टाकायचा नियम आला. हे वाचल्यापासून तो चादरीएवढा कागद उघडताना मी जरा कमी चिडते.

आता ही गोळी करते काय. बहुतेकांना वाटतं की ती खाली गर्भाशयात कुठेतरी काहीतरी अडवते. अडवते थोडंफार, स्राव घट्ट करते, अस्तर पातळ करते, पण तिचं मुख्य काम मेंदूत चालतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस, तो पिट्युटरीला निरोप देतो, पिट्युटरी अंडाशयाला, आणि मग अंडं तयार होतं. गोळी तो वरचा निरोपच दाबून टाकते. रक्तात हॉर्मोन फिरतंय म्हणजे खाली काम झालंय असं समजून वरचं ऑफिस शांत बसतं. मग आपलं स्वतःचं एस्ट्राडायोल (शरीरातलं मुख्य एस्ट्रोजेन) आणि प्रोजेस्टेरॉन महिनाभर जे वर-खाली होत असतं ते होत नाही, दोन्ही खालीच राहतात आणि त्यांच्या जागी रोज तेवढाच डोस बाहेरून येतो. म्हणजे जी वस्तू मेंदूशी बोलूनच काम करते तिने मूडला हात लावला याचं आश्चर्य वाटायला नको होतं, तरी वाटतं.

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि माझ्या मते ती त्या चादरीवर ठळक अक्षरात पाहिजे. आपल्या शरीरातलं खरं प्रोजेस्टेरॉन मोडलं की त्यातून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाची चीज तयार होते, आणि ती मेंदूत गाबाच्या (मेंदूला शांत करणारं रसायन) रिसेप्टरवर बसते, तेच रिसेप्टर ज्यांच्यावर झोपेच्या आणि अ‍ॅन्झायटीच्या काही गोळ्या काम करतात (जागा वेगळी, पण घर तेच). बहुतेक बायकांना ती शांत करते, काहींना उलट चिडचिडं करते. गोळीवर असताना अंडंच सुटत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉनची ती पंधरवड्याची लाट येत नाही, म्हणून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोनही उतरतं. आणि लेव्होनॉरजेस्ट्रेलसारखं बनावट प्रोजेस्टिन खाली जाऊन प्रोजेस्टेरॉनचं काम करतं, पण मोडल्यावर त्यातून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन काही निघत नाही. नावं सारखी वाटतात म्हणून आपण दोघांना एकच समजतो. तुम्ही आधी कुठल्या बाजूच्या होतात, शांत होणाऱ्या की चिडणाऱ्या, त्यावर गोळी तुम्हाला लागेल की नाही हे थोडं तरी ठरत असावं, असं माझं आपलं मत.

बरं, डायरी. गोळी सुरू करायच्या तीन महिने आधीपासून मी रोज रात्री झोपताना दिवसाला दहापैकी मार्क देत होते, कारण मला पाळीआधी फार वाईट दिवस जायचे आणि ते खरंच पाळीआधीच येतात का हे बघायचं होतं. गोळीशी त्याचा काही संबंध नव्हता. सवय लागली म्हणून चालू राहिलं. तर गोळीआधीचं पान असं: ७, ८, ८, ६, ७, ४, ३, २, ३, ६. कुठेतरी ९ आणि शेजारी उद्गारचिन्ह. एका ठिकाणी १ आणि पानावर पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर उमटलंय. आणि गोळीच्या चौथ्या महिन्याचं पान: ५, ५, ५, ६, ५, ५, ५, ५, ४, ५. पाचव्या महिन्याचं पण तेच. सहाव्या महिन्यात तर मी आळसाने खाली खाली नुसत्या रेघा ओढल्यात, "वरीलप्रमाणे".

हे मी लिहीत होते, माझ्या हाताने, रोज, आणि मला दिसलं नाही. उलट मला वाटत होतं की वा, काय छान स्टेबल झालेय मी. आणि खरं सांगायचं तर काही बाबतीत ते छानच होतं. तो १ आणि २ वाला आठवडा गेला, पूर्ण गेला. ऑफिसात एक मोठं प्रेझेंटेशन होतं, अनोळखी वरिष्ठ मंडळी समोर, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझे हात गार पडले नाहीत. नंतर वाचलं की हेही अभ्यासात सापडलेलं आहे: लोकांपुढे भाषण द्यायला आणि तोंडी गणितं करायला लावायची एक ठरलेली चाचणी असते, त्यात गोळीवर असलेल्या बायकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हॉर्मोन, इतरांच्या मानाने कमी उसळतं. १९९९ पासून हे माहितेय. कारणाचा एक भाग असा सांगतात की एस्ट्रोजेनमुळे लिव्हर कॉर्टिसॉलला धरून ठेवणारं प्रोटीन जास्त बनवतं, त्यामुळे रक्तात एकूण कॉर्टिसॉल जास्त दिसतं पण मोकळं फिरणारं, जे खरं काम करतं, ते ताणात तेवढं वर जात नाही. (म्हणून रक्ताची कॉर्टिसॉल टेस्ट करायची असेल तर गोळी चालू आहे हे लॅबला आणि डॉक्टरला आठवणीने सांगा, नाहीतर उगाच घाबरवतात.) त्या प्रेझेंटेशनच्या दिवशी मला हे माहीत असतं तर मी गोळीला सहावा स्टार दिला असता.

मग बहिणीचा व्हिडिओ कॉल झाला.

धाकटी आहे, दुसऱ्या शहरात असते, आठवड्यातून दोनदा तरी बोलतो. त्या दिवशी ती नोकरीचं काहीतरी सांगत होती, मॅनेजर बदलला वगैरे, मी ऐकत होते, मध्ये मध्ये "हं, मग" करत होते, मध्येच मी तिला माझ्या नव्या पडद्यांचा रंग दाखवला. कॉल संपला. अर्ध्या तासाने मेसेज आला, "ताई तुला कळलं नाही का मी रडायच्या बेतात होते". मी परत परत तो मेसेज वाचला. मी तिचा चेहरा सगळा वेळ बघत होते. ओठ आत घेतलेले आठवतात, डोळे खाली होते ते आठवतं, म्हणजे मला दिसत होतं सगळं, पण त्याचा अर्थ लागला नाही. मी लहानपणापासून घरात कोण चिडलंय ते जिन्यातल्या पावलांवरून सांगणारी मुलगी. मी तिला लिहिलं की नेटवर्क खराब होतं.

त्या रात्री पहिल्यांदा मी डायरी मागे मागे चाळली आणि ती पाचांची रांग दिसली.

मग अर्थातच रात्री दोनपर्यंत वाचत बसले. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठातला २०१९ चा एक अभ्यास आहे, गोळीवरच्या ४२ आणि गोळी न घेणाऱ्या ५३ बायकांना फक्त डोळ्यांचे फोटो दाखवले आणि ही व्यक्ती काय अनुभवतेय ते ओळखायला सांगितलं. गोळीवाल्यांची अचूकता सुमारे दहा टक्क्यांनी कमी आली, आणि ती सुद्धा अवघड, गुंतागुंतीच्या भावांमध्ये, अभिमान, तिरस्कार, असले. सरळ आनंद सरळ राग सगळ्यांना कळतो. हे वाचून मी लगेच "बघा!" म्हणून उडी मारली पण मग थांबले, कारण तिथे कोणाला गोळी द्यायची आणि कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, ज्या आधीच घेत होत्या त्या एका गटात. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या बायका इतर दहा बाबतीत वेगळ्या असू शकतात. ४२ हा आकडाही काही फार नाही. तरी माझ्या पडद्यांच्या प्रसंगाशी एवढं जवळचं मला दुसरं काही सापडलं नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेला एक अभ्यास स्वीडनमधला आहे, २०१३ चा, त्यात ज्यांना आधी कधीतरी गोळीने मूडचा त्रास झालेला अशाच ३४ बायका घेतल्या आणि कोणाला गोळी, कोणाला प्लासिबो (दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी), एकच सायकल. गोळीवाल्यांचा मूड खरंच जास्त बिघडला, आणि स्कॅनरमध्ये रागीट-घाबरलेले चेहरे दाखवले तेव्हा त्यांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग प्लासिबोवाल्यांपेक्षा कमी पेटला. इन्सुला म्हणजे ढोबळमानाने छातीत धडधड, पोटात गोळा वगैरे जे आतून कळतं ते कळवणारी जागा. मला हे वाचून एकदम बरं वाटलं आणि एकदम वाईटही. बरं यासाठी की मी खुळी नाही. वाईट यासाठी की मी ज्याला स्टेबल म्हणत होते ते कदाचित आतला आवाज कमी केल्यामुळे होतं.

अजून एक मजेशीर आहे, कॅलिफोर्नियातला, २०११. एक भावनिक गोष्ट चित्रांसकट दाखवली आणि आठवड्याने विचारलं. गोळीवाल्या बायकांना गोष्टीचा गाभा जास्त आठवला, गोळी न घेणाऱ्यांना बारीकसारीक तपशील. कोण चूक कोण बरोबर असं नाही यात, नुसतं वेगळं. माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला म्हणजे त्या आठ महिन्यांतली भांडणं तुला तारीख-वारासकट आठवत नाहीत का, मग गोळी चालूच ठेव. असो.

आता जे लोक "मेंदू आकसतो" असल्या हेडलाइन्स फॉरवर्ड करतात त्यांच्यासाठी. माँट्रियलच्या २०२३ च्या अभ्यासात गोळी चालू असलेल्या बायकांमध्ये कपाळामागचा एक भाग, भीतीला लगाम घालणारा, पुरुषांच्या तुलनेत पातळ दिसला हे खरं. पण ज्यांनी गोळी सोडली होती त्यांच्यात तो फरक दिसला नाही, आणि एकाच बाईला आधी-नंतर मोजलेलं नव्हतं, एका वेळचा फोटो होता तो. शिवाय पातळ म्हणजे वाईट असंही नाही. मेंदू हॉर्मोनप्रमाणे सारखाच हलत असतो, एका संशोधक मुलीने स्वतःलाच सलग ३० दिवस स्कॅनरमध्ये घातलं आणि मग पुढच्या वर्षी गोळीवर असताना परत ३० दिवस, आणि त्यात नैसर्गिक महिन्यातसुद्धा एस्ट्रोजेनबरोबर मेंदूतल्या जोडण्या दिवसागणिक बदलताना दिसल्या. म्हणजे गोळीशिवायचा मेंदू एका जागी थांबलेला आणि गोळीवाला बिघडलेला असं चित्रच चुकीचं आहे.

आणि मोठे आकडे, कारण माझी डायरी म्हणजे एक बाई. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून जास्त बायकांच्या, १५ ते ३४ वयाच्या, सरकारी नोंदी तपासून २०१६ मध्ये निकाल आला. कॉम्बाइन्ड गोळीवाल्यांना पहिल्यांदा अँटीडिप्रेसंट लिहून दिलं जायचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.२३ पट. ऐकायला घाबरवणारं आहे, पण मूळ आकडे बघा, हॉर्मोन न घेणाऱ्यांत वर्षाला शंभरात १.७ आणि हॉर्मोनल काहीही घेणाऱ्यांत २.२, म्हणजे हजारामागे पाच जास्त. बहुसंख्य बायकांना काहीही होत नाही. पण १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये तेच गुणोत्तर कॉम्बाइन्डला १.८ आणि नुसत्या प्रोजेस्टिनवाल्या गोळीला २.२, आणि हे मात्र हलक्यात घेण्यासारखं नाही. पिंपल्ससाठी पंधराव्या वर्षी गोळी सुरू करणाऱ्या मुलीला कोणी हे सांगतं का? मला शंका आहे. ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून जास्त बायकांच्या माहितीवर २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासातही पहिली दोन वर्षं सगळ्यात नाजूक दिसली, पुढे टिकून घेत राहिलेल्यांत धोका उतरलेला दिसतो. यात एक मेख आहे, ज्यांना त्रास होतो त्या सोडून देतात आणि ज्यांना सोसते त्याच उरतात, मग उरलेल्या सगळ्या कशा मजेत दिसतात. "मी दहा वर्षं घेतेय मला काही झालं नाही" म्हणणाऱ्या मावश्या-काकवा यातूनच येतात, त्या खोटं बोलत नाहीत, त्या उरलेल्या आहेत.

उलट बाजूही टाकते, नाहीतर एकतर्फी होईल. स्वीडनमध्येच ३४० निरोगी बायकांवर चिठ्ठ्या टाकून तीन महिने, माझीच ती १५०-३० वाली गोळी विरुद्ध प्लासिबो, २०१७. नैराश्याची लक्षणं वाढली नाहीत. पण एकूण बरं वाटणं, उत्साह, स्वतःवरचा ताबा, हे थोडं उतरलं. हे वाचल्यावर मी डायरीकडे बघितलं. डिप्रेशन नाही, ५.

डॉक्टरांचा अनुभव, हा पण सर्व्हिसचाच भाग आहे म्हणून. पहिल्या ठिकाणी मी पाचांची गोष्ट सांगितली तर पेन खाली न ठेवता उत्तर आलं, "असं काही नसतं, कामाचं टेन्शन असेल". एक स्टार. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी तीन गोष्टी विचारल्या: गोळीआधी पाळीच्या अगोदर मूड कसा असायचा, घरात किंवा मला कधी डिप्रेशन झालंय का, आणि सुट्टीच्या सात दिवसांत कसं वाटतं. तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे डायरीत तयार होतं, त्या सात दिवसांत ४ आणि डोकेदुखी. त्यांनी डायरी हातात घेऊन पानं उलटली. पाच स्टार, फक्त तेवढ्यासाठी.

त्यांनी दुसरी गोळी दिली, ड्रोस्पायरेनोन (हे वेगळं प्रोजेस्टिन) ३ मिलिग्रॅम आणि एथिनिल एस्ट्राडायोल २० मायक्रोग्रॅम, चोवीस दिवस घ्यायच्या आणि चारच दिवस रिकाम्या, म्हणजे हॉर्मोनचा खड्डा लहान. हीच जोडी अमेरिकेत २००६ मध्ये पाळीआधीच्या तीव्र मूडच्या आजारावर, पीएमडीडीवर, मंजूर झालेली आहे. म्हणजे गंमत बघा, एकाच जातीची वस्तू, एकीच्या माहितीपत्रिकेत नैराश्य साइड इफेक्ट म्हणून आणि दुसरी मूडवरचं औषध म्हणून. म्हणून "गोळीने मूड जातो" किंवा "गोळीने काही होत नाही" ही दोन्ही वाक्यं मला आता ऐकवत नाहीत, कुठली गोळी, कोणाला, कुठल्या वयात, हे आधी सांगा.

मला ही बरी लागली. डायरीत ६, ६, ५, ७, ६. एक ८ पण आहे. अंगावरची सूज कमी, कारण ड्रोस्पायरेनोन पाणी साठू देत नाही. पण लेव्होनॉरजेस्ट्रेलवाल्या गोळीपेक्षा हिच्यात गुठळ्यांचा धोका थोडा जास्त समजतात आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं, त्यामुळे बीपी, घरचा इतिहास, सगळं विचारून मगच दिली. इच्छेचं म्हणाल तर दोन्ही गोळ्यांवर कमीच, एस्ट्रोजेनमुळे टेस्टोस्टेरॉनला पकडणारं प्रोटीन वाढतं आणि मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरतं हे बहुतेकींना होतं, त्याचा परिणाम जाणवतो मात्र काहींनाच. मी त्या काहींतली. गर्भ राहू नये म्हणून गोळी घ्यायची आणि मग गर्भ राहायचा प्रसंगच येऊ नये, हा विनोद कोणीतरी आधीच केलेला असणार.

इथे एक जण नक्की विचारेल पुरुषांच्या गर्भनिरोधक इंजेक्शनचं. हो, ३२० पुरुषांवर चाचणी झाली होती, गर्भ रोखण्यात उत्तम निघाली, आणि २०११ मध्ये मूडच्या आणि इतर त्रासांमुळे थांबवली, निकाल छापून आला २०१६ मध्ये. पण "पुरुष रडले आणि पळाले" हे जे फिरतं ते खरं नाही, त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त पुरुष पुढे घ्यायला तयार होते, थांबवलं ते बाहेरच्या सुरक्षा समितीने. राग पुरुषांवर काढू नका. माझा राग वेगळा आहे, की तशी समिती १९५६ मध्ये कुठे होती.

चौदाव्या महिन्यात सोडली. दुसरी गोळी वाईट होती म्हणून नाही, मला फक्त माझं मूळ पान कसं दिसतं ते परत बघायचं होतं, म्हणून स्ट्रिप पूर्ण संपवून, डॉक्टरांना सांगून कॉपर टी बसवली, तिच्यात हॉर्मोन नसतं. मधेच स्ट्रिप सोडू नका, गर्भ राहू शकतो, आणि अंदाजे आकडे असे की अचूक घेतली तर वर्षाला हजारात तिघींना गर्भ राहतो पण रोजच्या धबडग्यात, विसरत-आठवत घेतली तर शंभरात सात. ऑरावाली मायग्रेन (डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकतं वगैरे ती) असेल, किंवा पस्तिशी ओलांडून सिगरेट ओढत असाल तर कॉम्बाइन्ड गोळीच्या वाटेला जाऊच नका. लॅमोट्रिजिन (फिट्स आणि बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर आधी सांगा, एस्ट्रोजेन त्याची रक्तातली पातळी खाली आणतं. आणि गोळी सुरू केल्यावर जगणं नको वाटायला लागलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, युरोपच्या औषध नियामकांनी २०१८ मध्ये याचा इशारा पत्रिकेत घालायला लावला तो उगाच नाही.

सोडल्यानंतरचं पान: ५, ६, ४, ७, ८, ८, ९, ६, ३, २. ते पाळीआधीचे तीन दिवस इमानेइतबारे परत आले, कपाट आवरताना एका जुन्या स्वेटरवरून रडले, पाळी जास्त जायला लागली (कॉपर टीचं देणं), पिंपल्स हनुवटीवर. हे सगळं गोळीमुळेच किंवा गोळी गेल्यामुळेच असं मी शपथेवर सांगणार नाही, त्याच दोन महिन्यांत माझी टीम बदलली, झोप सुधारली, आणि एका बाईची डायरी म्हणजे अभ्यास नव्हे. पुन्हा घेईन का? लागली तर दुसरी घेईन, पहिली नाही. मूडला पहिलीचे दोन स्टार, दुसरीचे साडेतीन, आणि सुरू करणार असाल तर दोन-तीन महिने आधीपासून रोज एक आकडा लिहायला लागा आणि जवळच्या एका माणसाला सांगून ठेवा की माझ्यावर लक्ष ठेव.

अपडेट: बहिणीला पोस्ट करायच्या आधी वाचायला दिलं. म्हणाली, सगळं ठीक आहे, पण त्या दिवशी नेटवर्क अगदी व्यवस्थित होतं.